दोघेही चोवीस वर्षांचे : रिचर्ड बाँग, टॉमी मॅकग्वायर आणि चाळीसचा आकडा

विमानवेडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहूनच टाकतो, लांबलं तर सांभाळून घ्या. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धातली विमानं म्हटलं की गप्पा स्पिटफायरपासून सुरू होतात आणि मेसरश्मिटपाशी संपतात. पॅसिफिकचं म्हणाल तर पर्ल हार्बर आणि मग थेट हिरोशिमा, मधली साडेतीन वर्षं न्यू गिनीच्या जंगलावर कोण कुणाशी लढत होतं हे शाळेत कधी आलंच नाही. मला यात ओढलं ते एका आकड्याने. अमेरिकेच्या इतिहासात सगळ्यात जास्त शत्रूची विमानं पाडलेला पायलट म्हणजे रिचर्ड बाँग, ४० विमानं. दुसऱ्या नंबरवर टॉमी मॅकग्वायर, ३८. दोघंही १९२० सालचे, दोघंही पी-३८ लाइटनिंग चालवायचे, आघाडी एकच, दोघांनाही मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं सगळ्यात मोठं शौर्यपदक. आणि दोघंही गेले तेव्हा चोवीस वर्षांचे होते. एकाचं विमान कमी उंचीवर वळताना कोसळलं, दुसऱ्याचं टेकऑफनंतर लगेच बंद पडलं.

आधी बाँगबद्दल. जन्म २४ सप्टेंबर १९२० चा, विस्कॉन्सिन राज्यातल्या सुपीरियरमध्ये, वाढला जवळच्याच पॉप्लर गावात शेतावर. वडील लहानपणी स्वीडनहून आलेले, नऊ भावंडं, हा थोरला, घरात सगळे डिक म्हणायचे. १९२८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज सुपीरियरला मुक्कामाला होते आणि त्यांची डाक घेऊन येणारं विमान रोज यांच्या शेतावरून जायचं. सात वर्षांचा पोरगा रोज मान वर करून ते बघायचा, तिथून हे वेड लागलं. (मी नाशिकला लहानपणी गच्चीवर उभा राहून मिग बघायचो, त्यामुळे ही गोष्ट वाचली तेव्हा पोटात काहीतरी हललं.)

१९४१ ला आर्मी एअर कोअरमध्ये भरती, जानेवारी १९४२ ला विंग्ज (पायलटचा बिल्ला) मिळाले. मग सॅन फ्रान्सिस्कोजवळ हॅमिल्टन फील्डला पी-३८ चं ट्रेनिंग, आणि तिथे पठ्ठ्याने घोळ घातला. जून १९४२ मध्ये एका नव्याने लग्न झालेल्या सहकारी पायलटच्या घरावरून इतक्या खालून विमान नेलं की तक्रारी गेल्या. शहरातल्या मार्केट स्ट्रीटवरून खालून उडाला, एका बाईचे दोरीवर वाळत घातलेले कपडे विमानाच्या वाऱ्याने मातीत गेले, असं बरंच काही त्याच्या नावावर लागलं. तिथला जनरल जॉर्ज केनी, त्याने बोलावून झाडलं आणि सांगितलं की त्या बाईच्या घरी जायचं, पडेल ते काम करायचं, कपडे वाळत घालायचे आणि वाळले की काढून घड्या घालून द्यायच्या. बाँग ग्राउंड झाला, म्हणजे त्याचं उडणं बंद केलं, आणि त्याचा सगळा ग्रुप त्याला सोडून इंग्लंडला गेला. तो गेला असता तर युरोपात लढला असता. पण थोड्याच दिवसांत केनीची बदली दक्षिण-पश्चिम पॅसिफिकला झाली आणि पी-३८ चे पायलट मागताना त्याला हा पोरगा आठवला.

बाकीचं प्रतिसादात लिहितो, आत्ता उशीर झालाय.

नदीकाठ

रुमाल टाकून ठेवतो. मस्त सुरुवात. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

सुखदा_प

छान लिहिताय. पण मी कुठेतरी वाचलंय की तो गोल्डन गेट पुलाभोवती लूप मारून गेला होता, ते खरं का?

विमानवेडा

सुखदाताई, ती गोष्ट सगळीकडे छापलेली आहे पण बाँगने स्वतः पुलाचं कधी मान्य केलं नाही, कायम नाहीच म्हणत आला. घराच्या प्रकरणासाठी तो ग्राउंड झाला एवढं नक्की. केनीला गोष्टी रंगवून सांगायची हौस होती आणि बाँगच्या बऱ्याच आठवणी आपल्यापर्यंत त्याच्या लेखणीतून आल्यात, हे वाचताना ध्यानात ठेवायला लागतं.

आता पुढे. सप्टेंबर १९४२ ला तो ऑस्ट्रेलियात डार्विनला पोचला, ४९ व्या फायटर ग्रुपच्या नवव्या स्क्वॉड्रनमध्ये. पण त्यांच्याकडे तेव्हा पी-३८ आलीच नव्हती, म्हणून त्याला तात्पुरतं न्यू गिनीत पोर्ट मोर्सबीला ३९ व्या स्क्वॉड्रनकडे धाडलं. २७ डिसेंबर १९४२, बुनाच्या वर, पहिली दोन विमानं, एक झिरो आणि एक ऑस्कर, दोन्ही जपानी लढाऊ विमानं. सिल्व्हर स्टार मिळाला. २६ जुलै १९४३ ला लाएवर एकाच दिवशी चार. नोव्हेंबर १९४३ मध्ये राबाउलवर दोन पाडून आकडा २१ झाला तेव्हा त्याला सुट्टीवर घरी पाठवलं.

मला त्याची सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तो सरळ सांगायचा की माझा नेम काही चांगला नाही. वळत्या विमानाच्या पुढे अंदाजाने मारायचं ज्याला डिफ्लेक्शन शूटिंग म्हणतात ते त्याला जमत नव्हतं म्हणे. मग तो काय करायचा, तर जवळ जायचा. इतकं जवळ की चुकायची सोयच नको. समोरच्याचे तुकडे आपल्या विमानावर आपटतील इतकं जवळ. आपल्याला काय येत नाही हे ओळखून त्याच्यावर उपाय काढणं ही गोष्ट मला त्या चाळीसपेक्षा मोठी वाटते.

ओझरकर

मी हवाई दलात वीस वर्षं इंजिन फिटर होतो, आता निवृत्त. धागा बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय, टायपिंग हळू आहे.

जवळ जाऊन मारायचं त्याला जमलं यात विमानाचाही वाटा आहे. स्पिटफायर घ्या की मस्टँग घ्या, त्यांच्या गन पंखांत. दोन्ही पंखांतल्या गोळ्या पुढे ठरावीक अंतरावर एकत्र येतील अशा तिरक्या सेट करतात, त्या अंतराच्या अलीकडे पलीकडे मारा फाकतो. पी-३८ ला दोन इंजिनं दोन बाजूला, मधल्या शेंगेत पायलट, नाक रिकामं, म्हणून चार मशीनगन आणि एक २० मिलिमीटरची तोफ सगळं नाकात. गोळ्या सरळ समांतर जातात, बागेच्या पाइपातून पाणी सोडल्यासारख्या. तुम्ही पन्नास यार्डांवर असा नाहीतर तीनशेवर, मारा एकाच ठिकाणी. नेम कच्चा असलेल्या माणसाला यापेक्षा चांगलं विमान मिळालं नसतं.

दुसरं, दोन्ही पंखे उलट दिशेला फिरायचे, त्यामुळे एका इंजिनाच्या विमानात टॉर्कमुळे नाक एका अंगाला ओढतं तो प्रकार इथे नाही. आणि खाली बघा काय होतं, एकीकडे समुद्र, एकीकडे ओवेन स्टॅनलीचे डोंगर आणि जंगल. एक इंजिन गेलं तर दुसऱ्यावर घरी येता येतं, हा धीर पायलटला केवढा असेल ते फिटरला विचारा.

शंतनू_७

सगळं ठीक आहे पण जर्मनीच्या हार्टमनने ३५२ पाडली. ४० म्हणजे त्याच्यापुढे काहीच नाही ना? मग एवढं कौतुक कशाला, मनापासून विचारतोय.

इतिहासाची_पाने

शंतनू, प्रश्न बरोबर आहे, बरेच जण इथेच अडतात. हार्टमनने १४०० च्या वर लढाऊ उड्डाणं केली. जर्मन पायलटला घरी पाठवायची पद्धतच नव्हती, मरेपर्यंत नाहीतर युद्ध संपेपर्यंत उडायचं. पूर्व आघाडीवर रोज तीन तीन चार चार वेळा वर जा आणि समोर रशियन विमानांचे थवे. बाँगच्या नावावर साधारण दोनशे उड्डाणं, आणि न्यू गिनीत कित्येकदा पाच सहा तास उडून शत्रू दिसायचाच नाही.

अमेरिकेचं धोरणच वेगळं होतं. चांगला पायलट झाला की त्याला काढून घरी न्यायचं, नव्या पोरांना शिकवायला लावायचं. जपानने हे केलं नाही. त्यांचे १९४१ चे कसलेले पायलट झिजत गेले आणि १९४४ मध्ये समोर अर्धवट शिकलेली पोरं आली. म्हणजे एका माणसाचा आकडा लहान राहणं हेच त्या हवाई दलाच्या शहाणपणाचं लक्षण होतं. हे आकडे अधिकृत श्रेयाचे आहेत हेही लक्षात घे, सगळ्याच देशांत पाडल्याचे दावे प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त निघालेत.

शंतनू_७

हे माहीत नव्हतं, धन्यवाद. आता वेगळ्या नजरेने वाचतो.

मृण्मयी_मिनेसोटा

मी मिनियापोलिसजवळ राहते. मागच्या उन्हाळ्यात आई-बाबा आले होते, त्यांना लेक सुपीरियर दाखवायला डलुथला नेलं. डलुथ आणि सुपीरियर ही दोन गावं खाडीच्या दोन बाजूंना, मध्ये एक लांबलचक वळणदार पूल आहे त्याचं नाव बाँग मेमोरियल ब्रिज. आम्हाला नावाचा काही पत्ता नव्हता. पलीकडे गेल्यावर तळ्याकाठी बाँगच्या नावाचं म्युझियम दिसलं, पाऊस आला म्हणून आत शिरलो आणि तीन तास बाहेर आलोच नाही.

आत एक अख्खं पी-३८ उभं आहे. अगदी त्याचं नव्हे, पण त्याच्या विमानासारखं रंगवलेलं. आधी ते कित्येक वर्षं पॉप्लर गावात उघड्यावर उभं होतं असं तिथल्या आजोबांनी सांगितलं. नाकावर मार्जचा फोटो. मार्ज म्हणजे मार्जरी वॅटनडाल. ४३ च्या सुट्टीत तो घरी आला तेव्हा कॉलेजच्या कार्यक्रमात भेटलेली मुलगी. परत गेल्यावर त्याने तिचा फोटो मोठा करून विमानाच्या नाकावर लावला आणि खाली नाव लिहिलं, मार्ज. बाकीच्यांच्या विमानांवर त्या काळी कसली कसली चित्रं असायची, आणि याच्या विमानावर साधा कॉलेजातला, नीट केस बांधलेल्या मुलीचा फोटो. माझी आई त्या नाकासमोर बराच वेळ उभी होती, मग एवढंच म्हणाली, किती लहान आहेत गं दोघं.

विमानवेडा

मृण्मयी, तुझा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. तुला तिथे सांगितलं असेल कदाचित, ते खरं मार्ज नावाचं विमान सापडलंय! २४ मार्च १९४४ ला ते टॉमस मलोन नावाचा दुसरा पायलट घेऊन गेला होता, हवेत बिघाड झाला, त्याने पॅराशूटने उडी मारली आणि तो वाचला, विमान जंगलात पडलं. ऐंशी वर्षं तिथेच. २०२४ च्या मे महिन्यात पापुआ न्यू गिनीच्या मडांग प्रांतात मोहीम गेली त्यांना सापडलं. एका घळीत इंजिनं मातीत रुतलेली, आणि पंखाच्या टोकाच्या तुकड्यावर ९९३ असा शिक्का. त्या विमानाच्या सीरियल नंबरचे शेवटचे तीन आकडे. टोकाला लाल रंगाचा अंशही शिल्लक होता. त्या ओल्या जंगलात रंग टिकला हे मला अजून खरं वाटत नाही.

आता शर्यतीकडे येतो. पहिल्या महायुद्धातल्या एडी रिकनबॅकरचा अमेरिकन विक्रम २६ चा. जो आधी मोडेल त्याला स्कॉचची पेटी, असं स्वतः रिकनबॅकरने कबूल केलेलं. १२ एप्रिल १९४४ ला बाँगने तो मोडला, केनीने त्याला मेजर केलं आणि लगेच घरी पाठवलं, गनरी शिकायला. म्हणजे देशात सगळ्यात जास्त विमानं पाडलेला माणूस नेम धरायला शिकायला शाळेत गेला! आणि शिकून आल्यावर म्हणाला की हे आधी माहीत असतं तर आकडा बराच वाढला असता.

सप्टेंबर १९४४ ला तो परत आला तो गनरी इन्स्ट्रक्टर म्हणून. लढायची सक्ती नाही, उलट केनीने सांगितलं होतं की स्वतःच्या बचावापुरतंच मार. पण शिकवायचं तर विद्यार्थ्यांबरोबर वर जायला हवं, आणि वर गेलं की शत्रू दिसणार. १० ऑक्टोबरला बोर्निओतल्या बालिकपापानच्या तेल कारखान्यांवरच्या मोहिमेत दोन, मग फिलिपिन्समधल्या लेटे बेटावर आणखी. ऑक्टोबर १० ते नोव्हेंबर १५ या काळातल्या आठ विमानांसाठी मेडल ऑफ ऑनर. १२ डिसेंबरला लेटेवरच्या तक्लोबानच्या धावपट्टीवर तिथला सरसेनापती मॅकआर्थर याने स्वतः त्याच्या छातीवर लावलं, शूरातल्या शूरांच्या पंक्तीत तुला घेतो अशा अर्थाचं काहीतरी म्हणून. १७ डिसेंबरला मिंडोरो बेटावर चाळिसावं. त्यानंतर केनीने विमान काढूनच घेतलं. जा, लग्न कर.

सुखदा_प

आणि मॅकग्वायर? तुम्ही शर्यत म्हणालात म्हणून विचारते, दोघांत खुन्नस होती का?

इतिहासाची_पाने

खुन्नस म्हणण्यापेक्षा एकतर्फी ध्यास. बाँग शांत, कमी बोलणारा. मॅकग्वायर बोलका, हट्टी, बऱ्याच जणांना नको वाटायचा, पण डोकं जबरदस्त. न्यू जर्सीचा जन्म, फ्लोरिडात सेब्रिंगला वाढलेला, ४७५ व्या ग्रुपच्या ४३१ व्या स्क्वॉड्रनमध्ये. १८ ऑगस्ट १९४३ ला वेवाकवर पहिल्याच झटक्यात तीन. १७ ऑक्टोबर १९४३ ला ओरो बेवर स्वतः पाडला गेला, जखमी होऊन समुद्रात पडला, पीटी बोटीने (नौदलाच्या छोट्या वेगवान बोटीने) उचलला, दीड महिना हॉस्पिटलात. बरा होऊन परत.

त्याने मे १९४४ मध्ये नव्या पायलटांसाठी लढाईचे नियमच लिहून काढले. झिरोबरोबर वळायचं नाही, ते तुमच्यापेक्षा आत वळतं. वरून या, मारा, वेगात निघून जा. कमी वेगावर, कमी उंचीवर लढाई करू नका. बाहेरच्या टाक्या लढाईआधी टाकून द्या. हे नियम वाचून कितीतरी पोरं जिवंत राहिली असतील. पण तो कायम बाँगच्या आठ मागे. बाँगने दोन पाडली की याने दोन पाडायची, आठ ते आठच, त्याची स्वतःचीच ही तक्रार होती.

मग ख्रिसमसच्या दोन दिवसांत, २५ आणि २६ डिसेंबर १९४४ ला त्याने सात पाडली. ३८. केनीने त्याला बोलावून थांबवलं. बाँग घरी पोचेल, त्याचा सत्कार होईल, तो पोचायच्या आत तू पुढे गेलास तर त्याचं स्वागत दुसऱ्या नंबरचा म्हणून व्हायचं, तेव्हा थोडे दिवस बस. मॅकग्वायरने ऐकलं. मला ही जागा वाचताना फार वाईट वाटतं. जनरलच्या मनात काही वाईट नव्हतं, पण पाडलेल्या विमानांची मोजणी, वर्तमानपत्रातली पहिली पानं आणि माणसांचे जीव हे सगळं एकाच फळ्यावर लिहिलं जात होतं.

ओझरकर

माझं थोडं वेगळं म्हणणं आहे. तुम्ही सगळे आकड्यावर बोलताय, मला या दोघांची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत इंधनाची दिसते.

पॅसिफिकमध्ये लढाई म्हणजे आधी अंतर. तळापासून शत्रूपर्यंत कित्येक शे मैल पाणी. १९४४ च्या उन्हाळ्यात चार्ल्स लिंडबर्ग तिथे आला होता, अटलांटिक एकट्याने ओलांडणारा तोच. नागरिक म्हणून आला, ४७५ व्या ग्रुपबरोबर उडाला, मॅकग्वायरबरोबर राहिला, २८ जुलैला एक जपानी विमानही पाडलं. त्याच्या विमानाचा क्रू चीफ, म्हणजे मुख्य मेकॅनिक, चक्रावला, बाकीचे कोरड्या टाक्या घेऊन उतरतात आणि याच्या टाकीत भरपूर शिल्लक. लिंडबर्गने शिकवलं की आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) १६०० पर्यंत खाली आणा, मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) वाढवा, मिश्रण पातळ ठेवा, म्हणजे हवेत इंधन कमी. पायलट म्हणाले इंजिनं जळतील. जळली नाहीत. तासन्तास जास्त उडायला लागले, पल्ला वाढला आणि बालिकपापानसारख्या लांबच्या मोहिमांत एस्कॉर्ट करता आला.

फिटर म्हणून सांगतो, हे करायला छाती लागते. पुस्तकाच्या बाहेर इंजिन चालवायचं आणि खाली शेकडो मैल पाणी.

आता ७ जानेवारी १९४५ बघा. मॅकग्वायर चार विमानं घेऊन लेटेवरून निघाला, निग्रोस बेटाकडे. त्या दिवशी त्याचं नेहमीचं पजी नावाचं विमान नव्हतं, दुसऱ्याचं होतं. पंखाखाली जादा इंधनाच्या टाक्या. ढग खाली आलेले, उंची दोन हजार फुटांच्याही खाली. समोरून एक ऑस्कर आला, अकिरा सुगिमोतो नावाचा पायलट. मॅकग्वायरने रेडिओवर सांगितलं, टाक्या टाकू नका. का? टाक्या टाकल्या असत्या तर इंधन गेलं असतं, परत फिरावं लागलं असतं, शत्रू शोधायला वेळ उरला नसता. ऑस्कर त्याच्या साथीदाराच्या, वीव्हरच्या मागे लागला. त्याला वाचवायला मॅकग्वायर तसाच भरलेल्या टाक्यांसकट करकचून वळला. विमान जड, वेग कमी, उंची नाही. स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल गेली, पलटलं, जमिनीवर.

स्वतः लिहिलेले सगळे नियम एका वळणात मोडले. पण मोडले ते साथीदारासाठी, हे विसरू नका. त्याच्या मेडल ऑफ ऑनरच्या मानपत्रातही ते आहे, मरणोत्तर दिलं. त्याच लढाईत दुसऱ्या जपानी विमानाने मेजर रिटमायरलाही पाडलं, तोही गेला. सुगिमोतोचं विमान गोळ्या लागून खाली उतरलं आणि त्याला फिलिपिनो गनिमांनी मारलं. म्हणजे त्या दहा मिनिटांत कोण जिंकलं ते तुम्हीच बघा.

शंतनू_७

काका, हे वाचून दोन मिनिटं गप्प बसलो.

पानवाला_वाचक

थोडं अवांतर होईल पण इथेच सांगायला हवं. वर वेवाकचं नाव आलं. फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या हाती लागलेल्या भारतीय सैनिकांपैकी हजारो जणांना मजूर म्हणून न्यू गिनीला नेलं होतं, वेवाक आणि राबाउलच्या बाजूला. उपासमार, मलेरिया, मारहाण. बाँग आणि मॅकग्वायर ज्या धावपट्ट्यांवर वरून हल्ले करत होते त्या बाजूलाच आपली माणसं राबत होती, दोस्तांचे बॉम्ब त्यांच्याही आसपास पडत होते. युद्ध संपल्यावर सेपिक नदीच्या काठी ऑस्ट्रेलियन सैन्याला त्यांच्यातले अगदी मोजके जिवंत सापडले. त्यांच्यातला चिंत सिंग नावाचा अधिकारी पुढे युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात साक्षीदार म्हणून उभा राहिला. आपल्याकडे न्यू गिनी म्हटलं की कुणाला काही आठवत नाही, म्हणून लिहिलं.

विमानवेडा

हे अवांतर अजिबात नाही. मला हे माहीत नव्हतं, मनापासून आभार. यावर वेगळा धागा काढा, नक्की वाचू.

ओझरकरकाका, तुम्ही इंधनाचं म्हणालात आणि मला रात्री झोप लागली नाही, कारण बाँगचा शेवटही तोच आहे. १० फेब्रुवारी १९४५ ला त्याचं आणि मार्जचं सुपीरियरमध्ये लग्न झालं. मग कॅलिफोर्नियात बरबँकला लॉकहीडमध्ये टेस्ट पायलटचं काम, नवीन जेट पी-८०, शूटिंग स्टार. ६ ऑगस्ट १९४५, त्याचं त्या विमानातलं बारावं उड्डाण, सगळं मिळून सव्वाचार तासांचा अनुभव. टेकऑफ घेतलं आणि मुख्य इंधन पंप बंद पडला. नॉर्थ हॉलीवूडमध्ये वस्तीच्या बाजूला विमान पडलं, याने बाहेर उडी मारली पण उंचीच नव्हती, पॅराशूट उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ही बातमी हिरोशिमाच्या बातमीशेजारी होती.

काका, चौकशीत असं आलं की जादाचा विजेवरचा पंप चालू करायचा राहिला असावा. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या एका पायलटने सांगितलं की आधीच्या एका उड्डाणालाही आपण तो स्विच विसरलो होतो, असं बाँग स्वतःच त्याला म्हणाला होता. इतका मुरलेला माणूस असं कसं विसरेल? दोनशे वेळा लढाईत जाऊन आलेला माणूस?

ओझरकर

विसरतो. मी सांगतो कसा.

तो पंप त्या विमानात पहिल्यापासून नव्हता. ऑक्टोबर १९४४ मध्ये लॉकहीडचा मुख्य टेस्ट पायलट मायलो बर्चम असाच टेकऑफला पंप जाऊन गेला, त्यानंतर तो बसवला. म्हणजे नंतर आलेला स्विच. जे पहिल्यापासून असतं ते हाताला पाठ होतं. नंतर आलेलं हाताला पाठ होत नाही, ते डोक्याने आठवावं लागतं.

माझीच गोष्ट सांगतो. तेव्हा मी नवा होतो, एका तळावर ग्राउंड रन करत होतो, म्हणजे जमिनीवरच इंजिन चालवून तपासत होतो, बूस्टर पंपाचा, म्हणजे अशाच जादाच्या पंपाचा, स्विच माझ्याकडून ऑन करायचा राहिला. काय झालं सांगू? काहीच झालं नाही. इंजिन सुरू झालं, आवाज बरोबर, तापमान बरोबर, सगळे काटे जागेवर. मुख्य पंप ओढत होता ना. रन संपवून खाली उतरलो, आमच्या सार्जंटने कॉकपिटमध्ये मान घातली आणि मला परत वर बोलावलं. ओरडले नाहीत. माझा हात धरला आणि माझं बोट त्या स्विचवर ठेवलं. म्हणाले, बंद असतानाही विमान तुला काही सांगत नाही, म्हणून तूच त्याला विचारायचं. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत मी तो स्विच बघितला नाही, बोटाने चाचपला.

जादाचा पंप बंद असल्याचं मुख्य पंप मरेपर्यंत कळतच नाही. आणि तो मरतो तेव्हा तुम्ही टेकऑफमध्ये असता, पायाखाली दोन-तीनशे फूट. जेटला त्या काळी गती धरायला वेळ लागायचा, पिस्टन इंजिनासारखा थ्रॉटल ढकलला की ओढ मिळाली असं नाही. पी-३८ मध्ये त्याला दुसरं इंजिन होतं. इथे एकच. दोन वर्षं ज्याच्या भरवशावर समुद्र ओलांडला ते दुसरं इंजिन त्या दिवशी नव्हतं, फक्त एक स्विच होता. त्याला निष्काळजी म्हणू नका कुणी. सव्वाचार तासात हात तयार होत नाही.

सुखदा_प

काका, तुमचा हा प्रतिसाद मी माझ्या मुलाला वाचून दाखवला. तो नुकताच पायलट ट्रेनिंगला लागलाय. काही बोलला नाही पण मोबाईल मागून घेऊन परत एकदा स्वतः वाचला.

नदीकाठ

मार्जचं पुढे काय झालं हो? लग्नाला सहा महिनेसुद्धा झाले नव्हते.

मृण्मयी_मिनेसोटा

हे मी तिथे विचारलं होतं. तिने पुढे परत लग्न केलं, कॅलिफोर्नियातच राहिली, मासिक काढलं, संसार केला, आणि कितीतरी वर्षं डिकबद्दल बाहेर काहीच बोलली नाही. मग त्या पुलाला त्याचं नाव दिलं त्या सुमाराला गावाशी पुन्हा संबंध जुळले, आणि म्युझियम उभं करायला म्हातारपणी तिने भरपूर मदत केली, लोकांशी बोलली, सह्या दिल्या, आणि शेवटी सुपीरियरलाच राहायला आली. २००२ च्या सप्टेंबरमध्ये म्युझियम उघडलं आणि २००३ मध्ये ती गेली. म्हणजे ते विमान, तिच्या विशीतल्या फोटोसकट, छपराखाली उभं राहिलेलं तिने बघितलं.

आम्ही निघताना आई परत त्या विमानापाशी गेली. फोटो काढू का विचारलं तर नको म्हणाली. नाकाजवळ उभी राहून तिने फक्त आपल्या रुमालाने समोरच्या कठड्यावरचे पावसाचे थेंब पुसले, आमच्याच छत्रीतून पडलेले.